भंगारात काय काय टाकायचं?

गेल्या महिन्यात जुम्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर चपला शोधत होतो, तेव्हा ओळखीच्या एका गृहस्थांनी गाठलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभी असलेली पांढरी ओमनी त्यांच्या डोळ्यांत बरेच दिवस खुपत असावी. म्हणाले, "भाई, वीस वर्षांची गाडी. टाका की भंगारात, सरकार पण तेच सांगतंय. आणि बायकापोरींना घेऊन पंधरा दिवसांनी रानात झोपायला जाणं, हे आपल्या लोकांचं काम आहे का?"

चप्पल सापडली. उत्तर मात्र तिथे नीट देता आलं नाही, 'बघू, बघू' म्हणून निघालो. घरी आल्यावर राग आला, तसा तो नेहमी उशिराच येतो. त्यांनी एका दमात दोन गोष्टी भंगारात काढल्या होत्या, एक गाडी आणि दुसरी आमच्या घरातल्या बायकांची शनिवार-रविवारची मोकळीक. दोन्ही हुकूम वेगवेगळ्या दिशेनं येतात. एक मंत्रालयाकडून येतो, दुसरा मोहल्ल्यातून. पण दोघांचा सूर एकच आहे : तुमची ऐपत काय, तुमची जागा काय, ते ओळखून राहा.

आधी गाडीचं सांगतो, कारण तिची बदनामी फार झालीय. मारुतीनं ही व्हॅन १९८४ मध्ये आणली, पुढे तिचं नाव ओमनी झालं आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, तेही पुढच्या सीटखाली. उन्हाळ्यात ड्रायव्हरचं बूड भाजतं, ही तक्रार खरी आहे. शाळेची मुलं, भाजी, दूध, लग्नाचे डेग, आजारी माणूस, मयतीला निघालेली माणसं, काय काय वाहिलं या डब्यानं! पण हिंदी सिनेमानं तिला लक्षात ठेवलं ते किडनॅपरची गाडी म्हणून. सरकत्या दाराची ओमनी आणि तिच्यात दाढीवाला माणूस, म्हणजे सिनेमानं बदनाम केलेली दोन पात्रं एकाच फ्रेममध्ये. नाक्यावरचा हवालदार आम्हाला हात दाखवतो तेव्हा मला त्याचा फारसा राग येत नाही. त्यानंही तेच पिक्चर पाहिलेत.

आमची गाडी २००५ सालची, आठ सीटची. या मॉडेलमध्ये मधली रांग मागे तोंड करून असते, म्हणजे मधली आणि मागची सीट समोरासमोर. दोन्हींच्या मधल्या खोलगटावर ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारातून आणलेली मरीन प्लायची दोन फळकुटं टाकली, वर फोमची गादी पसरली की पलंग तयार. अम्मी आणि दोन्ही पोरी आत, मी आणि बायको शेजारी तंबूत. गाडीला एकही स्क्रू मारलेला नाही, एकही सीट काढलेली नाही. सोमवारी सकाळी फळकुटं पलंगाखाली सरकतात आणि गाडी पुन्हा पोरींना शाळेत सोडायला मोकळी होते. मोटारहोम म्हणायला मलाही संकोच वाटतो. आम्ही तिला घरगाडी म्हणतो.

आता कायद्याची गंमत पाहा. आपल्याकडे 'मोटार कॅरॅव्हॅन' हा वाहनांचा वेगळा प्रकार आहे, त्यासाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. त्यात कॅरॅव्हॅनची जी व्याख्या चालते ती थोडक्यात अशी : बसायला जागा आणि टेबल, झोपायची सोय (ती आसनांतूनच तयार होत असली तरी चालेल), स्वयंपाकाची सोय आणि सामान ठेवायची सोय. मी हे वाचलं तेव्हा मोठ्यानं हसलो. ही तर बांद्रेकरवाडी, बेहरामबाग आणि प्रेमनगरमधल्या निम्म्या खोल्यांची व्याख्या झाली! दहा बाय बाराची खोली. दिवसा सोफा, रात्री पलंग. टेबलावर शिलाई मशीन, तेच जेवणाचं टेबल, त्यावरच दहावीचा अभ्यास. पलंगाखाली ट्रंका, पोटमाळ्यावर गोधड्या, कोपऱ्यात मोरी. चाकं तेवढी नाहीत. घडी घालून जगायचं हे शास्त्र युरोपातल्या लोकांनी पुस्तकं आणि व्हिडिओ काढून शिकावं लागतं, आमच्या आयांनी ते तीन पिढ्या चालवलंय. आणि तरी या देशात कॅरॅव्हॅन कोणासाठी, असं विचारलं तर उत्तर तयार असतं : हौशी, श्रीमंत, परदेशी जाऊन आलेल्यांसाठी.

२०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारनं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणलं. त्याच वर्षी केरळनं 'केरवान केरळ' आणलं आणि २०२२ मध्ये वागमोणला त्यांचं पहिलं पार्कही सुरू झालं. आपलं धोरण मी आवडीनं वाचलं. त्यात कॅरॅव्हॅन चालवणारे उद्योजक आहेत, कॅरॅव्हॅन पार्क उभारणारे उद्योजक आहेत, त्यांची नोंदणी आणि त्यांच्या सवलती आहेत. नाही तो फक्त स्वतःच्या जुन्या गाडीत चादर अंथरून झोपणारा चौकोनी कुटुंबाचा बाप. त्याला धोरणात जागा नाही, कारण त्याच्याकडून कुणाला भाडं मिळत नाही. पर्यटन म्हणजे गिऱ्हाईक, असं एकदा धरलं की जो गिऱ्हाईक नाही तो पर्यटकही नाही.

जोगेश्वरीला हे नवं नाही. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर कमाल अमरोहींचा कमालिस्तान स्टुडिओ होता. इथल्या, गोरेगावच्या, ओशिवऱ्याच्या रस्त्यांवर व्हॅनिटी व्हॅन उभ्या असलेल्या पाहतच आम्ही वाढलो. (व्हॅनिटी व्हॅन हिंदी सिनेमात रुजवण्याचं श्रेय पूनम ढिल्लन यांना दिलं जातं.) एसी, आरसे, बेड, संडास, मागे धडधडणारा जनरेटर. भर रस्त्यात दोन-दोन दिवस उभी असते, कुणी हूं म्हणत नाही. तिची वायरिंग दुरुस्त करणारा, तिचा पत्रा ठोकणारा, तिचं रेक्झिन शिवणारा कारागीर मात्र आमच्या गल्लीतला. त्याला विचारा, आयुष्यात कधी बायकोला घेऊन समुद्रावर रात्र काढलीस का? तो कामावरून मान वर न करता हसेल.

मुद्दा पैशाचा आहे, तो स्पष्टच मांडतो. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते, मग पाच-पाच वर्षांसाठी नव्यानं करावी लागते. २०२० मध्ये आमच्या गाडीची पहिली मुदत संपली तेव्हा केंद्राची फी ६०० रुपये होती. १ एप्रिल २०२२ पासून ती ५,००० झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये आणखी एक दुरुस्ती आली, वीस वर्षांवरच्या हलक्या मोटारीला १०,०००. पाच वर्षांत सोळा पटींहून जास्त. शिवाय राज्याचा पर्यावरण कर वेगळा, एजंटचा चहा वेगळा.

फी कशाची आहे? तपासणीची असेल तर इन्स्पेक्टरसाहेब ब्रेक बघतात, लाइट बघतात, चेसिस नंबर बघतात, हॉर्न वाजवून बघतात. हे बघायला २०२० मध्ये जेवढा वेळ लागायचा तेवढाच आज लागतो. गाडी वीस वर्षांची आहे म्हणून हॉर्न वीस वेळा वाजवत नाहीत. मग ही फी तपासणीची नाही, कंटाळा आणायची आहे. माणसानं वैतागून गाडी स्क्रॅपवाल्याकडे न्यावी म्हणून लावलेली आहे. दिल्लीसारखी वयावरून सरसकट बंदी मुंबईत नाही, हे खरं. तिथे २०१५ च्या हरित लवादाच्या आदेशापासून जो गोंधळ सुरू झाला तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये कोर्टालाच सांगावं लागलं की केवळ वयावरून मालकांवर सक्तीची कारवाई करू नका. आपल्याकडे बंदी नाही, फक्त खिसा दाबायचा. गरिबाला 'नाही' म्हणायची ही जुनीच सभ्य रीत आहे.

जुनी गाडी धूर सोडते, हे अर्धं खरं आहे. निगा नसलेली गाडी धूर सोडते, मग ती सात वर्षांची असो की सतराची. पीयूसीच्या नळकांड्याला गाडीचा जन्मदाखला दिसत नाही, धूर दिसतो, आणि तेच बरोबर आहे. आमची ओमनी महिन्याला चार-पाचशे किलोमीटर चालते. ती मोडून त्या जागी टनभर नवं लोखंड, प्लास्टिक आणि रबर आणायचं, तेही सात वर्षांच्या हप्त्यावर, यात हवेचं भलं किती आणि बँकेचं किती, याचा हिशेब कुणीतरी एकदा मांडावा.

आता मिस्त्रींविषयी. एस. व्ही. रोडच्या दोन्ही अंगांना, ओशिवऱ्याकडे, तिकडे कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जे गॅरेजांचं जग आहे, त्यात आमच्या समाजाची किती घरं चालतात हे वेगळं सांगायला नको. सच्चर समितीनं २००६ मध्येच लिहून ठेवलंय की मुसलमान नोकरीत कमी आणि स्वतःच्या हातावर पोट असलेल्या धंद्यांत जास्त. गाडी दुरुस्ती हा त्यातलाच धंदा. डेंटर वेगळा, पेंटर वेगळा, वायरमन वेगळा, रेडिएटरवाला वेगळा, कुशनवाला वेगळा. प्रत्येकाचा उस्ताद, प्रत्येकाचे शागिर्द. नवीन गाड्यांचं बॉनेट उघडलं की प्लास्टिकचं झाकण दिसतं आणि कॉम्प्युटर लावल्याशिवाय ती बोलत नाही. तो कॉम्प्युटर कंपनीकडे. जुनी गाडी ही या पोरांची शाळा होती. तीच भंगारात गेली की शाळा बंद, मग हातात काय उरतं? डिलिव्हरीची बॅग.

केंद्राच्याच ग्राहक खात्यानं २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा अधिकार' म्हणून समिती नेमली, वर्षअखेरीला पोर्टलही काढलं, आणि त्यात मोटारगाड्यांचा विभाग आहे. म्हणजे एका दारातून सरकार म्हणतं, दुरुस्त करा, तुमचा हक्क आहे, आणि दुसऱ्या दारातून म्हणतं, मोडून टाका, सवलत देतो. आम्ही कुठल्या दारात उभं राहायचं?

मी स्वतः गाडीचं काम शिकलो ते चाळिशीत. हौस नव्हती, गॅरेजचं बिल परवडेना म्हणून. उस्तादांनी अट घातली, "बघायचं असेल तर हात काळे करून बघा, नुसतं डोकावू नका." पहिला धडा खालच्या पत्र्याचा. किनाऱ्यावर नेल्या जाणाऱ्या गाडीचा खरा दुश्मन इंजिन नसतं, मीठ असतं. रबराची मॅट उचलली तर खाली पत्र्याला जागोजागी फोड आलेले. तारेच्या ब्रशनं खरवडलं, तेव्हा एका ठिकाणी ब्रश आरपार गेला आणि खालचा रस्ता दिसला. तेवढा तुकडा डेंटरनं कापून नवा पत्रा वेल्ड केला, बाकी आम्ही रेड ऑक्साईडचे दोन हात मारले, वरून अंडरकोटिंग. आता प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्यानं गाडीचं पोट धुणं हे थोरलीचं काम. सरकत्या दाराचे रोलर झिजले की दार रुळावरून उतरतं, ते बदलणं माझं काम. धाकटीला गोटीपान्याचा आवाज आवडतो, म्हणून चाकाचे नट ती सैल करते आणि मी घट्ट करतो. उलटं नाही.

टायरचं सगळ्यांनी ऐका, गाडी जुनी असो की नवी. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. ३२१९ असेल तर तो २०१९ च्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलाय. नक्षी शाबूत दिसली तरी रबर म्हातारं होतं. कमी चालणाऱ्या गाडीचे टायर झिजत नाहीत, तडकतात. आम्ही हे केळव्याच्या वाटेवर शिकलो, रात्री नऊ वाजता, अम्मीच्या हातात टॉर्च देऊन.

इतकं सांगितल्यावर दुसऱ्या बाजूचंही सांगायला हवं, नाहीतर ती फसवणूक होईल. ही गाडी आजच्या मापानं सुरक्षित नाही. पुढे बॉनेट नाही, एअरबॅग नाही, धडक बसली तर मध्ये पत्रा आणि गुडघे. म्हणून आम्ही साठच्या वर जात नाही, अंधार पडल्यावर चालवत नाही (तो केळव्याचा दिवस सोडून) आणि एक्स्प्रेसवेच्या वाटेला जात नाही. आणि घरच्या घरी केलेल्या सोयींत मरण कसं लपलेलं असतं, ते डिसेंबर २०२४ मध्ये केरळात दिसलं. वडकऱ्याला रस्त्याकडेला उभ्या कॅरॅव्हॅनमध्ये दोन माणसं मेलेली सापडली. जनरेटरचा कार्बन मोनॉक्साईड खालच्या पत्र्यातल्या भोकातून आत शिरला होता. या वायूला ना वास ना रंग. ती बातमी वाचली त्या रात्री मी आमच्या गाडीची मॅट पुन्हा उचलून बघितली. आमच्या गाडीत शेगडी कधीही पेटत नाही, पाऊस असला तरी. इंजिन चालू ठेवून कुणी झोपत नाही. दोन्ही बाजूच्या काचा चार बोटं उघड्या आणि त्यांना मच्छरदाणीचं कापड. ज्यांच्या गाडीला सीएनजी आहे त्यांनी टाकीची तीन वर्षांची हायड्रो टेस्ट चुकवू नये, आणि त्या टाकीशेजारी घरचा सिलिंडर ठेवून 'कॅम्पिंग'ला निघणाऱ्यांना तर मी हात जोडतो.

तेव्हा गाडीत फेरफार करायला कायदा का अडवतो हे मला समजतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते कडकपणे लावलं, त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२-अ मध्ये मालकाला दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. ठीक. पण मग साधा, कमी खर्चाचा, तपासून घेण्याचा रस्ताही ठेवा. फळकुटाचा पलंग, पडदा आणि पाण्याची कॅन, एवढ्यासाठी आरटीओत एक पानी अर्ज का नसावा? कॅरॅव्हॅनचं मानक कारखान्यासाठी आहे. गल्लीसाठी काहीच नाही, फक्त दंड आहे.

आता मशिदीबाहेरच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, आपल्या लोकांचं काम आहे का, या प्रश्नाकडे.

आपल्याकडे बाई घराबाहेर रात्र काढते ती तीन कारणांनी : लग्न, मयत, उरूस. गावाला जाणं चालतं, फिरायला जाणं चालत नाही. गावाला गेली तरी तिथे चूल असतेच. अम्मीनं सत्तरीपर्यंत मुंबईत राहून रात्रीचा समुद्र पाहिला नव्हता, आणि हे मी कौतुकानं नाही, शरमेनं सांगतोय. ती एसटीनं गावाला जाताना सकाळपासून पाणी पीत नसे. आम्हाला वाटायचं तिला प्रवासात तहान लागत नाही. वाटेत बाईमाणसाला जाण्याजोगी जागा नाही, म्हणून ती कोरड्या घशानं आठ-आठ तास बसायची. हे मला कळलं तेव्हा मी पस्तिशीचा बाप्या होतो, दोन मुलींचा बाप होतो. ओमनीत आम्ही पहिली वस्तू कुठली घेतली असेल तर झाकणाचा घडीचा कमोड आणि त्याला आडोसा करणारा उभा तंबू. त्यानंतर पलंग. अम्मी आता वाटेत पाणी पिते. चहा तर दोनदा मागते.

इसराफ आहे, फिजूलखर्ची आहे, असं म्हणणाऱ्यांना मी हिशेब देऊ शकतो, पण आधी तेच द्या. वलीम्याच्या एका रात्रीत जे डेग उरतात आणि नाल्यात जातात, त्यात आमच्या चार वर्षांच्या फेऱ्या होतील. आणि मर्द फिरत नाहीत का? जमातीत महिन्याचे तीन दिवस, वर्षाचा चिल्ला म्हणजे चाळीस दिवस, खांद्यावर बिस्तरा, हातात स्टोव्ह आणि पातेलं, पाळीपाळीनं स्वयंपाक, जिथे जागा मिळेल तिथे झोप. मी त्याची चेष्टा करत नाही. उलट म्हणतो, मुंबईत मुक्कामी प्रवासाचं एवढं शिस्तीचं शिक्षण दुसरं कुठे मिळत नाही. ज्या हातांना तिथे कांदा चिरता येतो, भांडी घासता येतात, त्या हातांना घरच्या बायकांसोबत गेल्यावर लकवा का मारतो? आमच्या गाडीत शनिवारची खिचडी मी करतो, रविवारची अंडी थोरली करते. बायकोनं चूल पेटवायची नाही हा नियम आहे, कारण चूल सोबत नेली तर ती सुट्टी कसली!

दीनाचं म्हणाल तर कुरआनात भूमीवर फिरून बघा असं एकदा नाही, अनेकदा सांगितलंय, आणि तिथे बाईला वगळल्याचं मला तरी आढळलेलं नाही. मुसाफिराला फर्ज नमाज आखूड करायची सवलत आहे, रोजा मागाहून ठेवायची सवलत आहे. जकातीच्या आठ हकदारांत वाटसरू आहे. ज्या दीनानं वाटसरूला एवढी जागा दिली, त्याच्या नावानं घरात बसवून ठेवणं हे मला समजत नाही. वीस लिटरच्या कॅनमध्ये पाच माणसांचा दिवस आणि वुजू बसवायचा म्हणजे कसरत असते. पण पैगंबर साहेब एका मुद पाण्यात, म्हणजे लिटरभराहून कमी पाण्यात वुजू करत, असं हदीसमध्ये आहे. मशिदीचा नळ सोडून वुजू करणाऱ्या आमच्या धाकटीला हे गाडीत शिकावं लागलं.

बाहेरच्यांचाही हिशेब बाकी आहे. घरगाडी का, हॉटेल का नाही, असं माझे हिंदू मित्र निरागसपणे विचारतात. त्यांना सांगतो. किनाऱ्यावरच्या एका होमस्टेला फोन केला, खोल्या होत्या, भाव ठरला, मग नाव विचारलं. नाव सांगितल्यावर खोल्या नव्हत्या. असं एकदा झालं तर योगायोग म्हणतो, तिसऱ्यांदा झाल्यावर पोरींसमोर फोन स्पीकरवर ठेवायचा बंद केला. गाडीतल्या फळकुटाला नाव सांगावं लागत नाही. जात-धर्म न विचारता झोपायला मिळणं ही माझ्यासाठी सोय नाही, निम्मी सुट्टी तीच आहे.

दुसरी निम्मी मात्र तिथल्या माणसांनीच दिलीय, हेही तितकंच खरं. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही भाऊच्या धक्क्यावरून रो-रोनं मांडवा, मग अलिबाग, मुरूड, आगरदांड्याहून जंगलजेटीनं दिघी, श्रीवर्धन, बागमांडल्याहून पुन्हा फेरी घेऊन वेसवी आणि तिथून केळशी असे गेलो. केळशीला याकूबबाबांचा दर्गा आहे, शिवाजी महाराजांनी ज्याला इनाम दिल्याचं तिथे प्रत्येकजण सांगतो. वेसवीला क्लचची केबल तुटली. ज्या माणसानं आपल्या अंगणात गाडी ढकलू दिली, स्वतःच्या बाईकवरून जाऊन केबल आणली आणि अम्मीला ओटीवर खाट टाकून दिली, त्यानं नाव केबल बसल्यावर विचारलं. ऐकून म्हणाला, "बरं, मग मासे खाता ना?"

जोगेश्वरीत वाढलेल्या माणसाला हे किती मोठं वाटतं, ते बाहेरच्यांना कळणार नाही. १९९२-९३ मध्ये इथे दोन्हीकडची घरं जळाली. राधाबाई चाळीचं नाव आजही इथे कुणी सहज घेत नाही. त्यानंतर ज्याला जिथे आपली माणसं वाटली तिथे तो सरकला. आमच्या पोरी अशा गल्लीत वाढतायत जिथे त्यांच्या रोजच्या खेळात एकही हिंदू मूल नाही, आणि रस्त्याच्या पलीकडे तीच गोष्ट उलटी. वेसवीच्या अंगणात त्या माणसाची नात आणि आमची धाकटी दीड तास एकच लगोरी रचत आणि फोडत होत्या. हे कुठल्या शाळेच्या सहलीत मिळालं असतं तर मी गाडी आनंदानं विकली असती.

आणि सरकारला फिरस्त्यांचं एवढं प्रेम कधीपासून आलं? बैलगाडीवर, गाढवावर संसार घेऊन फिरणाऱ्यांना इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं जन्मजात गुन्हेगार ठरवलं. त्यांत आपले छप्परबंदही होते, ज्यांचा मूळ धंदा छपरं शाकारायचा असं सांगतात. तो शिक्का १९५२ मध्ये पुसला म्हणायचा, पण गावाबाहेर पालं पडली की पोलीस आजही सगळ्यात आधी तिथेच पोचतो. चाकावरचं घर गरिबाचं असेल तर संशय आणि श्रीमंताचं असेल तर धोरण!

मागणं फार नाही. मांडवा, आगरदांडा, वेसवी, दाभोळ अशा धक्क्यांजवळ, एमटीडीसीच्या आवारात, सुट्टीत रिकाम्या पडलेल्या शाळांच्या मैदानात रात्री गाडी लावायला जागा, एक दिवा, एक नळ आणि कडी लागणारा संडास. ग्रामपंचायतीनं शंभर-दोनशे रुपये घ्यावेत, पावती द्यावी. पेट्रोल पंपावर संडास, पिण्याचं पाणी आणि हवा फुकट द्यायचा नियम आहेच, त्या संडासाची किल्ली मालकाच्या खिशात नसावी. नोंदणीची फी गाडीच्या हालतीवर असावी, वयावर नाही. आणि जुम्याच्या बयानात एकदा, फक्त एकदा, मौलानांनी मर्दांना विचारावं की या वर्षी घरातल्या बाईला कुठे नेलंत, दवाखाना सोडून.

त्या गृहस्थांची परवा पुन्हा गाठ पडली. या वेळी त्यांनीच हळू आवाजात विचारलं, तो घडीचा कमोड कुठे मिळतो, त्यांच्या घरच्यांचे गुडघे गेलेत म्हणून. मी दुकान सांगितलं आणि म्हटलं, डिसेंबरात केळव्याला या, तंबू आहे आमच्याकडे एक जास्तीचा. ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

सोमवारी आमच्या गाडीचं पासिंग आहे. ब्रेक झाले, लाइट झाले, पीयूसी झाली, दहा हजारांतले सात जमलेत. डाव्या वायपरचा हात अजून मध्येच अडकतोय. थोरली म्हणते तिला कारण सापडलंय, रविवारी सकाळी बघू.